गुंडूचं सातवं पुस्तक

३ ऑगस्ट २००३, रविवार

पाऊस ११ मि.मी. (रात्रीचा)

रुद्राणीची ट्रंक आज उघडली. ती गेल्यापासून तेवीस दिवस हात लावला नव्हता. वर्षाराणी सकाळपासून मागं लागली होती — "मामा, आत्याच्या साड्यांना कसर लागंल. ऊन पडलंय तवर काढा की." मेव्हण्याची ही मुलगी, बारावीच्या क्लाससाठी दोन वर्षं आमच्याकडं राहते. घरात आता बोलणारी तेवढीच.

साड्यांखाली सहा पुस्तकं निघाली. हातानं केलेली. क्लासचे सराव पेपर असतात, एका बाजूला छापलेले — त्यांच्या पाठीवर चित्रं, चित्राखाली मोठ्या अक्षरात एक ओळ. गोधडीच्या दोऱ्यानं शिवलेली. मला वाटायचं, हे पेपर ती रद्दीत घालते.

ती बालवाडीत शिकवायची. लातूरहून रोज सातच्या एस.टी.नं भूकंपानंतर वसलेल्या नव्या गावात जायची, दुपारी परत. चित्रं काढते हे माहीत होतं. आंबा, चेंडू, पतंग काढत असेल, असं मी धरून चाललो होतो.

पहिलं उघडलं. नाव — 'आजी शिंकली'.

आजीनं तपकीर ओढली. आजी शिंकली. घर पडलं. सगळे म्हणाले, आजीनं पाडलं. आजी म्हणाली, मी नाही, मांजरानं पाडलं. मांजर म्हणालं, मी तर कालच मेलोय. शेवटच्या पानावर दगडांचा ढीग, त्यावर एक छोटी डबी. खाली लिहिलंय — 'घरात सात माणसं होती. तपकीर मात्र वाचली.'

मी पुस्तक मिटलं. तीन-चार वर्षांच्या लेकरांना हे दाखवायची?

दहा वर्षांत ती घरात हसलेली मला आठवत नाही.

४ ऑगस्ट

पाऊस नाही.

ही डायरी क्लासवाल्यांनी फुकट वाटलेली आहे. प्रत्येक पानाखाली एक सुविचार. आजचा — 'झोप विसरा, यश आठवा.' झोप विसरून महिना होत आला. यशाचं काही दिसत नाही.

५ ऑगस्ट

पाऊस ३ मि.मी.

दुसरं पुस्तक — 'शेळीनं यादी खाल्ली'. साहेब येतो, मेलेल्यांची यादी करतो. पत्र्याच्या शेडमधली शेळी यादी खाते. यादीच नाही, म्हणजे कुणी मेलंच नाही! सगळे मेलेले ताट घेऊन जेवायला येतात. भाकरी पुरत नाहीत. आचारी रडतो. साहेब शेळीला म्हणतो, ओक. शेळी म्हणते, आधी पाणी द्या.

इथं मला हसू आलं. घाईघाईनं इकडंतिकडं बघितलं. वर्षाराणी दारात उभी होती.

"आलं की न्हाई हसू? मला तर शेळी लई आवडती. आत्याला मी म्हनले व्हते, हे छापून आमच्या क्लासात वाटा, पोरं जरा माणसात येतील."

"तुला दाखवायची?"

"हाव. नवीन झालं की पयले मलाच." मग — "तुम्हाला न्हाई दाखवली?"

मी म्हणालो, ऑफिसातून यायला उशीर व्हायचा.

प्रत्येक पुस्तकाच्या मागं बारीक अक्षरात लिहिलंय — 'एकूण सात'. माझ्याकडं सहाच आहेत. वर्षाराणीला विचारलं, सातवं कुठाय. ती म्हणाली, "नळ आला वाटतं," आणि कळशी घेऊन गेली. नळ साडेसहाला येतो. तेव्हा पाच वाजले होते.

७ ऑगस्ट

पाऊस नाही. ढग आहेत.

तिसरं पुस्तक काल वाचलं. 'गुंडू खाली बसला'. ते वाचल्यावर आज हे लिहून काढावं असं वाटलं. आजवर कुठं लिहिलेलं नाही, कुणाला सांगितलेलंही नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, आडवाही पुरत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात. विभूती, बेलाची पानं, डाव्या तळहातावर त्याचं लिंग — जन्मल्यावर गळ्यात बांधलेलं, तेच. बसल्या बसल्या तो शिवाकडं जातो. आमच्या लोकांना यात भीती वाटत नाही. आजोबा कुठं आहेत विचारलं तर म्हणतात, शेतात बसलेत.

त्र्याण्णव साली मी नांदेडला होतो, पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात. रुद्राणी आणि संगमेश गावात. संगमेश आमचा मुलगा, पाच वर्षांचा. तीस सप्टेंबरला सकाळी भूकंपाची बातमी कळली. गाड्या अडवलेल्या, रस्ते भरलेले. मी गावात पोचलो ते दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी. तोवर सरणं विझत आली होती. एकेका सरणावर किती जण होते ते जाळणाऱ्यांनाही सांगता येईना. संगमेशही त्यातच. वरून पाऊस. लिंगायत कोण, मराठा कोण, बघायला वेळ कुणाला होता! जाळणाऱ्यांचा दोष नाही. त्यांनी त्या वासात उभं राहून जे केलं ते मला जमलं नसतं.

घराच्या जागी दगडांत एक चांदीची डबी सापडली. सुपारीएवढी. आत संगमेशचं लिंग.

रुद्राणीला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं होतं. पाय प्लास्टरमध्ये. मला बघून ती रडली नाही. एकच विचारलं — "बसवलं ना त्याला?"

मी म्हणालो, "हो. आपल्या शेतात. लिंबाखाली."

तिनं डोळे मिटले आणि झोपली. दोन दिवसांनी पहिल्यांदा झोपली, असं नर्स म्हणाली.

मग मी शेतात आलो. लिंबाखाली खड्डा काढला आणि तसाच बुजवला. वर बेलाची पानं टाकली. डबी तरी आत ठेवायची! हात धजला नाही. ती खिशात राहिली. पुढं बदली होऊन लातूरला आलो तेव्हा ऑफिसच्या कप्प्यात गेली, टाचण्यांच्या डब्यात. पण अमावास्येला शेतात जाताना दर वेळी खिशात घेऊन जायचो. का, ते माहीत नाही.

दर अमावास्येला आम्ही दोघं जायचो. ती खाली बसायची. मी छत्री धरून उभा. ऊन असो, पाऊस असो. मनात विचारायचो — संगमेश, बसलास का? मनातच. एखादवेळी ओठ हलत असतील.

जूनमध्ये, दुखणं सगळ्या पोटात पसरल्यावर, ती म्हणाली — "मला संगमेशजवळ बसवा. दुसरीकडं नको." अकरा जुलैला बसवली. जंगमस्वामींनी सगळं नीट केलं.

म्हणजे आता ती एका रिकाम्या खड्ड्याशेजारी बसली आहे. पोराजवळ म्हणून बसली आहे. माझ्या शब्दावर.

८ ऑगस्ट

पाऊस ६ मि.मी. काल लिहिलेलं वाचलं नाही. पान दुमडून ठेवलं.

१० ऑगस्ट, रविवार

पाऊस नाही.

'गुंडू खाली बसला' पुन्हा वाचलं. गुंडू म्हणजे मोठ्या डोक्याचा, बारीक पायांचा मुलगा. जमिनीखाली मांडी घालून बसलाय. वर जोंधळा. गुंडू म्हणतो, पायाला मुंग्या आल्या. चित्रात खऱ्या मुंग्या, रांगेनं. मुंग्या म्हणतात, तू उठणार कधी? गुंडू म्हणतो, आईनं बस म्हणून सांगितलंय. गांडूळ येतं, रस्ता विचारतं. जोंधळ्याचं मूळ येतं, कानात घुसतं, गुंडूला गुदगुल्या होतात. तो हसतो. तो हसला की वर जमीन हलते. वर सगळे घाबरून घराबाहेर पळतात. शेवटचं पान — 'घाबरू नका. गुंडू हसतोय.'

इथं अजूनही बारीक धक्के बसतात. भांडी वाजतात. बायका पोरांना घेऊन अंगणात येतात. आणि हिनं हे लिहून ठेवलं.

हे पान ज्या पेपरवर आहे त्याच्या पाठीवर एक प्रश्न छापलाय — एक दगड वीस मीटर उंचीवरून पडतो, जमिनीवर पोचायला त्याला किती वेळ लागेल? वर्षाराणीनं पेन्सिलीनं उत्तर लिहिलंय. दोन सेकंद.

दुपारी रेवणसिद्ध आला. वर्षाराणीचा बाप, रुद्राणीचा धाकटा भाऊ. आल्या आल्या लेकीला म्हणाला, "वाळून राहिलीस. अभ्यासानं मरशील का उपाशी?" ती म्हणाली, "अण्णा, मेले तर लिंबाखाली जागा ठेवा." बापानं टपली मारली. या घरात असं बोलणं चालतं हे मला आजवर माहीत नव्हतं. माझ्यासमोर कुणी बोलत नव्हतं.

मग मुद्द्याचं. "दाजी, येत्या तीस तारखेला धा वर्सं व्हतेत. आक्कावर अन् संगमेशवर मिळून एकच ओटा बांधू. माय-लेकराचा. सरदार मिस्त्रीला बोललोय."

मी म्हणालो, "बघू."

"बघू काय? काळी माती हाय, फुगती. वरच्यावर बांधलं तर दोन पावसात तडा जाईल. पाया मुरमापतूर न्यावा लागतो. चार फूट तर खणावंच लागंल."

चार फूट. मी खड्डा चारच फूट काढला होता. त्यांना तिथं काहीच सापडणार नाही.

१२ ऑगस्ट

पाऊस १९ मि.मी. पावसात पाया खणता येत नाही. हा आकडा चांगला आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

पाऊस २ मि.मी.

नव्या गावात जाऊन बालवाडीची किल्ली आणि हजेरीपट देऊन आलो. रुद्राणी गेल्यापासून तिथं मदतनीस केवळाबाई एकटीच सांभाळते. पंचवीस-तीस पोरं. मी दारात गेलो, छत्री मिटली, आणि सगळी पोरं एकदम हसली!

"छत्री आली! छत्री आली!"

एक शेंबडी मुलगी उभी राहिली. "ह्ये तर बाबा हायती!" दुसऱ्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला. "आगं गप. सांगायचं न्हाई!"

छत्रीची एक काडी मोडलेली आहे, त्याला हसली असतील.

केवळाबाईनं चहा केला. साठीची बाई, जुन्या गावातली. मी पुस्तकांचं विचारलं. लेकरांना असलं कसं दाखवायचा?

"आप्पा, पयल्या वर्सी लेकरं पत्र्याखाली येत नव्हती. भाईर बसून एकच खेळ. काड्या आणायच्या, चिंध्याच्या भावल्या रचायच्या, पेटवायच्या. रोज. बायका मारायच्या त्यांना. ताईनी न्हाई मारलं. ताई जवळ बसल्या. म्हनल्या, ही भावली कोन? लेकरू बोललं, आजी. ताईनी इचारलं, आजी काय करत व्हती? बोललं, तपकीर वढत व्हती. ताईनी कागद घेतला, आजी काढली, शिंकताना. ती आजी बघून पोरगं हसलं, आप्पा. सा म्हयन्यानं हसलं."

"आणि वरून कुणी काही म्हणालं नाही?"

"आली व्हती की तपासायला म्याडम. बोलली, असलं काय दाखवता, फुलपाखरू दाखवा. ताई बरं म्हनल्या. फुलपाखराचं केलं पुस्तक. तिसऱ्या पानावर मेलं."

ती पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आवरलं नाही.

"आताची लेकरं तर भूकंपानंतरची. त्यांना भूकंप म्हंजे गुंडू. धक्का बसला की वरडत्यात, गुंडू हसला! आया त्यांच्या अजून रडत्यात, अन् ही टाळ्या वाजवत्यात."

सातव्या पुस्तकाचं विचारलं. केवळाबाईनं कप उचलले.

"मी व्हते तवा गावात, आप्पा. सरणापाशी. सगळं डोळ्यानं बघितलंय मी."

हे सातव्या पुस्तकाचं उत्तर नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं नाही. बसची वेळ झाली म्हणून निघालो. बस यायला पाऊण तास होता.

२० ऑगस्ट

पाऊस नाही.

शेजारच्या शहजादीभाभीची तूबा, चार वर्षांची, पायरीवर बसून रडत होती. काय सुचलं कोण जाणे, मी गुंडू आणला. वाचून दाखवला. मला वाचायची सवय नाही, ऑफिसची नोटीस वाचावी तसं वाचलं. तिला चाललं.

मुंग्यांच्या पानावर रडणं थांबलं. मग गंभीरपणे — "आप्पा, बैठके नींद कैसे आती?"

मी म्हणालो, आमच्यात बसूनच झोपतात.

"हमारे नाना लेटे हैं. बैठे तो सर लगेगा ना ऊपर!"

मग ती मान वाकडी करून, डोकं छताला लागल्यासारखी बसून दाखवायला लागली. आणि मी, पाटबंधारे खात्यातला वरिष्ठ लिपिक, वय एकावन्न, तिच्याशेजारी पायरीवर मांडी घालून मान वाकडी करून बसलो. भाभी दारात आल्या. नंतर वाटीभर शीरखुर्मा पाठवला. ईद नसताना.

२७ ऑगस्ट

पाऊस ९ मि.मी. पोळा. अमावास्या.

एकटा शेतात गेलो. डबी खिशात. छत्री धरून उभा राहिलो. आता विचारायची पंचाईत. कुणाला विचारू? एक तिथं नाही. दुसरीला विचारायचं तोंड नाही.

३० ऑगस्ट

पाऊस नाही. वर्षाराणीला सराव परीक्षेत एकशे त्र्याऐंशी. ती म्हणते दोनशे पाहिजेत. जेवली नाही. मी शेळीचं पुस्तक तिच्या ताटाशेजारी ठेवलं. थोड्या वेळानं ताट रिकामं होतं.

९ सप्टेंबर

पाऊस नाही. अनंत चतुर्दशी.

मिरवणूक घरावरून गेली. खिडक्या लावून घेतल्या. त्या वर्षीही मिरवणुकीहून येऊन लोक झोपले होते. वर्षाराणी अभ्यास सोडून माझ्याजवळ येऊन बसली.

१४ सप्टेंबर, रविवार

पाऊस ४ मि.मी.

रेवणसिद्ध परत आला. अठ्ठावीस तारीख पक्की करून. मी म्हणालो, जमीन ओली आहे. म्हणाला, उघडीप आहे. म्हणालो, स्वामींना विचारायला हवं. म्हणाला, विचारलं, व्हय म्हनले. म्हणालो, संगमेशला कशाला हलवायचं?

"हलवायचं कोन म्हनतंय? माती बाजूला घ्यायची, परत घालायची. अन् दाजी, त्याचं लिंग गावलं तर डोळ्याला लावून ठिवू. आक्काच्या जीवाला बरं वाटंल." मग आवाज खाली आला. "मी मामा असून त्याला बसवताना नव्हतो. तुमी एकट्यानं केलं. धा वर्सं मनात सलतंय."

त्याला वाटतं त्याचं चुकलं.

सांगून टाकावं असं एकदा ओठावर आलं. तो हात जोडून बसला होता. वर्षाराणी आतून बघत होती. मी म्हणालो, "ठीक आहे. अठ्ठावीस."

१५ सप्टेंबर

पाऊस नाही. सुविचार — 'संकट ही संधी असते.' पान फाडावंसं वाटलं. पाठीवर पावसाचा आकडा आहे म्हणून नाही फाडलं.

२२ सप्टेंबर

पाऊस नाही.

टाचण्यांच्या डब्यातून डबी काढली. घरी आणली. रोज खिशातल्या रुमालानं पुसायची सवय, त्यामुळं चकचकीत आहे. दहा वर्षं.

दोन रस्ते आहेत. रेवणसिद्धला खरं सांगायचं — मग त्याला कळेल की त्याची आक्का रिकाम्या जागेशेजारी बसली आहे, आणि भाच्याला जाळलं गेलं. किंवा डबी त्याच्या आधी खड्ड्यात ठेवायची. मग ती निदान लिंगाजवळ तरी बसेल. पोर नाही, पण पोराच्या गळ्यातलं.

दुसऱ्यात पुन्हा खोटं आहे. मला कळतं ते.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस नाही. कडक ऊन.

पहिल्या बसनं गेलो. नुकतं उजाडलं होतं. लिंबाखाली खुरप्यानं हातभर उकरलं, डबी आत सारली, वरून माती दाबली. शेजारी रुद्राणीची माती अजून बसलेली नाही, भेगा आहेत. तिच्याकडं पाठ करून केलं.

नऊला सगळे आले. सरदार मिस्त्री फावडं घेऊन खणायला लागला. पन्नाशीचा, कमी बोलणारा गवंडी. नव्या गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. दहा-बारा फावडी मारली असतील, थांबला. वाकला. डबी उचलून अंगठ्यानं पुसली.

चांदी चमकली.

तो बघत राहिला. काळ्या मातीत दहा वर्षं पडलेली चांदी कशी दिसते हे गवंड्याला सांगायला नको. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. माझ्या नखांत माती होती. ती त्यानं बघितली.

"चांदी लई चांगली हाय, आप्पा," एवढंच म्हणाला. खाली वाकला, मूठभर ओली माती घेतली, डबीला चांगली चोळली, आणि मग हाक मारली — "रेवणसिद्धअण्णा! ह्ये बघा काय गावलं!"

रेवणसिद्ध धावत आला. डबी कपाळाला लावून लहान मुलासारखा रडला. "दाजी, हितंच हाय पोरगं! हितंच बसलंय!" कुणीतरी विचारलं, हाडं? सरदार मिस्त्री म्हणाला, "लेकराची हाडं काय राहत्यात व्हय ह्या मातीत. चला, दगड द्या."

डबी परत खाली ठेवली. वर ओटा आला. काळ्या दगडाचा, साधा. दिवस मावळेपर्यंत झाला.

परत येताना बसमध्ये खिशात हात गेला. रिकामा.

२९ सप्टेंबर

पाऊस नाही.

ओटा चांगला झाला. मला बरं वाटत नाही. ती दवाखान्यात झोपली होती ती माझ्या खोट्यावर. आता कायमची बसली तीही माझ्या खोट्यावर. एकदा तरी विचारायला हवं होतं तिला — खरं सांगू का?

३० सप्टेंबर, मंगळवार

पाऊस नाही.

दहा वर्षं. नव्या गावात सभा होती, भाषणं होती. मी शेतात गेलो. वर्षाराणी क्लास बुडवून आली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

थोड्या वेळानं बांधावरून केवळाबाई आणि मागं बालवाडीची रांग. एकमेकांचा सदरा धरून, आगगाडीसारखी. प्रत्येकाच्या हातात झेंडूचं फूल. ओट्यावर ठेवली. ती शेंबडी मुलगी माझ्यासमोर उभी राहिली.

"छत्री उघडा की."

"ऊन गेलं की, आता कशाला?"

"तुमी छत्री धरूनच हुबं राहताव."

बाकीच्यांनी तिला मागं ओढलं. वर्षाराणीनं तोंड फिरवलं.

मग केवळाबाईनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काढलं. हाताला लागताच कळलं. गोधडीचा दोरा.

"सातवं," ती म्हणाली. "लेकरं रोज मागत्यात, तरी आनलं. ताईनी सांगितलं व्हतं, त्यांच्या खिशातलं गेलं की मग द्या. त्याच्या आधी न्हाई. रेवणसिद्धअण्णा गावभर सांगून राहिलेत, लिंग गावलं म्हनून. म्हनून आज आनलं."

मी म्हणालो, "खिशातलं काय?"

"मला काय इचारता, आप्पा. पुस्तकात हाय."

१ ऑक्टोबर

पाऊस नाही. उघडलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी. उघडलं. नाव — 'बाबाला सांगू नका'.

खड्डा. आत कुणी नाही. 'गुंडू इथं नाही. गुंडू धुरासंगं वर गेला, सगळ्यांच्या गर्दीत.' मुंग्या येतात, चावायला पाय सापडत नाही. वर बाबा. छत्री, एक काडी मोडलेली. रिकाम्या खड्ड्याची राखण करतोय. 'मुंग्यांना माहीत आहे. शेळीला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. कुणी सांगायचं नाही. बाबा रडेल.' बाबाच्या खिशात काहीतरी गोल, ते फुगलेलं दिसतंय. बाबा वाकून विचारतो — गुंडू, बसलास का? खालून कुणी बोलत नाही. बाबा रोज विचारतो. रोज कुणी बोलत नाही.

पानाच्या कोपऱ्यात तिच्या अक्षरात तारीख आहे, यंदाच्या एप्रिलची. 'मला संगमेशजवळ बसवा' असं ती मला म्हणाली ते जूनमध्ये.

शेवटचं पान. शेजारच्या खड्ड्यात आई उतरलेली. मांडी घालून, मान वर, तोंडाशी हात धरून ओरडतेय —

'बसलाय, बसलाय! तुम्ही घरी जावा. भिजताल.'